एक गाणं, पाच एडिटर आणि आठ दिवस

या वेळी आलेले जवळपास सगळे मेल कॉलेजच्या पोरांचे आहेत, कारण सगळीकडे सबमिशनचा मोसम चालू आहे आणि कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून सगळ्यांना एकच प्रोजेक्ट मिळालंय, ग्रुप करा आणि म्युझिक व्हिडिओ बनवा. शूटिंगबद्दल एकानेही विचारलेलं नाही, ते सगळ्यांचं मस्तच झालेलं असतं. रडारड असते ती एडिटिंगला बसल्यावर. तेव्हा या वेळचं सदर त्यांच्यासाठीच, बाकीच्यांचे प्रश्न पुढच्या अंकात घेते.

प्रश्न: ताई, आम्ही पाच जण, सेकंड इयर. गाणं आमच्याच वर्गातल्या मुलाने केलंय, ३ मिनिटं ४० सेकंद. शूट दोन दिवस, तीन मोबाईल आणि एक डीएसएलआर. वेळ वाचावा म्हणून एडिटिंग वाटून घेतलं, म्हणजे मुखडा एकाला, मधला म्युझिक पीस एकीला, दोन अंतरे दोघांना आणि शेवट मला. कुणी प्रीमियरवर केलं, कुणी रिझॉल्व्हवर, एकाने तर मोबाईलवरच काइनमास्टरमध्ये. काल जोडून बघितलं तर पाच वेगळी गाणी वाटतायत. रंग वेगळे, वेग वेगळा, पहिल्या अंतऱ्यात हिरोइनच्या गळ्यात ओढणी आहे, म्युझिक पीसमध्ये नाही, दुसऱ्या अंतऱ्यात परत आहे. आठ दिवसांवर सबमिशन आलंय. ग्रुपवर कालपासून नुसत्या ब्लू टिक, कुणी बोलत नाही. काय करू?
शेवट ज्याच्या गळ्यात पडला तो, कोल्हापूर

उत्तर: बारभाईची खेती, काय लागेल हाती. म्हण जुनी आहे पण तुमची टाइमलाइन, म्हणजे सॉफ्टवेअरमधली शॉट ओळीने मांडायची पट्टी, बघूनच केल्यासारखी वाटते.

आधी हे ऐक, तुमच्यापैकी कुणीही वाईट काम केलेलं नाही. वाटणी चुकली. काम वाटायचंच असतं, पण गाण्याचे तुकडे करून नाही वाटायचं. लग्नाच्या स्वयंपाकात एक जण भाजी चिरतो, एक कणीक मळतो, एक फोडणीला उभा राहतो. पाच जणांनी पाच पातेल्यांत आपापली आमटी करायची आणि शेवटी सगळी एका पिंपात ओतायची असं कुणी करत नाही, तुम्ही केलंत. कट मारायची सवय प्रत्येकाची वेगळी असते, हस्ताक्षरासारखी, आणि एकाच वहीत पाच जणांचं अक्षर आलं की सरांना लांबूनही कळतं.

तर आता माउस एकाच्याच हातात. कुणाच्या? ज्याला सॉफ्टवेअर सगळ्यात भारी येतं त्याच्या नाही, ज्याला सगळं शूट पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचा कंटाळा येत नाही त्याच्या किंवा तिच्या. बाकी चौघं रिकामे नाहीत. एकीने वही घेऊन प्रत्येक टेक बघायचा आणि लिहायचं, कुठला चांगला, कुठे फोकस गेला, कुठे मागे रिक्षा आली. एकाने फोल्डर, सिंक (चित्र आणि आवाज जुळवणं) आणि बॅकअप सांभाळायचं, हे काम कुणाला नको असतं आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. एकाने रंग, एकाने टायटल. एडिट करणारा बसलेला असताना रंगवाल्याने मागे उभं राहून "इथे जरा टील-ऑरेंज कर ना" असं म्हणायचं नाही, त्याची पाळी नंतर.

आज रात्रीच सगळा माल एका हार्ड डिस्कवर आणा. मूळ फाइल्स, एक्स्पोर्ट केलेले तुकडे नाहीत. ग्रुपमध्ये एक तरी मॅकवाला असतोच, त्याला विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली डिस्क वाचता येते पण तिच्यावर लिहिता येत नाही, आणि जुना पेनड्राइव्ह एफएटी३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तो घेतच नाही, म्हणून डिस्क दोन्हीकडे चालणाऱ्या एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करून घ्या, आणि फॉरमॅट करायच्या आधी ती रिकामी आहे ना हे दोघांनी बघा, नाहीतर तुमचंच शूट उडवाल. फाइल्सची नावं एकदा टाइमलाइनवर घेतल्यावर बदलायची नाहीत, "फायनल टेक खरंच फायनल" वगैरे, मग सगळीकडे लाल पाटी येते मीडिया ऑफलाइनची आणि रात्री दोन वाजता सगळे एकमेकांना फोन करत बसतात. व्हॉट्सॲपवर क्लिप पाठवायची वेळ आलीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जाते, व्हिडिओ म्हणून पाठवलीत तर तो पिळून अर्धं चित्र काढून घेतो. आणि सगळ्या मालाची दुसरी कॉपी दुसऱ्या घरी. त्याच बॅगेत नाही, दुसऱ्या घरी.

उद्या सांगाडा. टाइमलाइन सेकंदाला २५ फ्रेमची करा, खाली गाणं टाका, ते लॉक करा, आणि ज्या ज्या टेकमध्ये गाणारी गातेय ते सगळे पूर्ण लांबीचे टेक गाण्याशी जुळवून एकावर एक रचा. मग त्यातला एकच, सगळ्यात बरा, पहिल्यापासून शेवटपर्यंत ठेवा आणि बाकीचे बंद करून गाणं बघा. कंटाळवाणं वाटेल, वाटू दे, पण संध्याकाळपर्यंत तुमच्याकडे पूर्ण व्हिडिओ असेल, नंतर वीज जाऊ दे नाहीतर भांडण होऊ दे, सबमिट करायला काहीतरी आहे. मग जिथे जिथे तुला कंटाळा येतो तिथे तिथे दुसरा शॉट. तुमचे पाच जुने तुकडे पण फेकू नका, प्रत्येकाचा एक्स्पोर्ट वरच्या ट्रॅकवर ठेवून त्यातला चांगला कट खाली मूळ फुटेजमधून डोळ्याने बघून परत बांधा. प्रीमियरमधून रिझॉल्व्हमध्ये एक्सएमएलने, म्हणजे कटांची यादी असलेल्या फाइलने, कट जातात, पण टायटल, इफेक्ट आणि वेग कमीजास्त केलेले शॉट धड पोचतील याची खात्री नाही. काइनमास्टरवाल्याला सांग तुझी कल्पना घेतोय, फाइल नाही.

आता ओढणी. इथे मला मजा आली. लोक एकदम दचकतात ते ओढणी नाहीये म्हणून नाही, ती कुठे गेली हे कुणी दाखवलं नाही म्हणून. ५ सेकंदांचा एक इन्सर्ट शूट करा, एक हात ती ओढणी दोरीवर टाकतोय. हिरोइन लागतही नाही, कुणाचाही हात चालेल, बांगड्या तेवढ्या जुळवा आणि उजेड त्याच वेळेचा घ्या. तो शॉट पहिला अंतरा संपून म्युझिक सुरू होतं तिथे लावा. आणि दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी तोच शॉट उलटा चालवा, ओढणी दोरीवरून हातात परत येते. कापडाची हालचाल उलटी कुणाला कळत नाही, वारा फार नसेल तर.

पाचव्या दिवशी रात्री चित्र लॉक, त्यानंतर एकही कट हलणार नाही. तोवर रोज दोनदा सगळ्यांनी एकत्र बघायचं आणि प्रत्येकाने मिनिट-सेकंद लिहून मत द्यायचं. "मजा नाही येत" हे मत नाही. "१:१२ ला माझं लक्ष मोबाईलकडे गेलं" हे मत आहे, त्यावर काम करता येतं. लॉक झाल्यावर रंग, आणि रंगवाल्याला आधीच सांगून ठेव की आयफोनच्या क्लिप एचडीआरमध्ये (जास्त उजेड टिपणाऱ्या पद्धतीत) शूट झाल्या असतील तर साध्या रेक ७०९, म्हणजे नेहमीच्या स्क्रीनच्या रंगांच्या टाइमलाइनवर त्या पांढऱ्याफटक, जळल्यासारख्या दिसतात, त्या आधी नीट बदलून घ्यायच्या आणि मग डीएसएलआरचा एक चेहऱ्याचा शॉट समोर ठेवून बाकी सगळे चेहरे त्याच्या जवळ आणायचे. आकाश, झाडं नंतर.

ब्लू टिकचं म्हणशील तर आजच सगळ्यांना चहाला बोलव आणि "कुणाचा तुकडा चांगला" हा विषय काढूच नकोस, डिस्क कुणाच्या घरी ठेवायची एवढंच विचार. कामाचं बोलणं सुरू झालं की उरलेलं होतं.

प्रश्न: सर म्हणाले म्युझिक व्हिडिओ म्हणजे बीटवर कट. मी सगळ्या बीटवर मार्कर टाकून कट मारले, गाणं ४ मिनिटांचं, १२० बीपीएम. आता बघताना माझंच डोकं दुखतंय.
बीटवाली, नागपूर

उत्तर: दुखणारच गं, हिशेब कर ना. मिनिटाला १२० ठोके म्हणजे ४ मिनिटांत ४८० कट, प्रत्येक शॉट अर्धा सेकंद, २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर साडेबारा फ्रेम. माणसाचा चेहरा ओळखेपर्यंत तो गेलेला असतो.

सरांचं चुकलं नाही, तू ते जरा जास्तच मनावर घेतलंस. आपल्याकडे गाणं नुसत्या ठोक्यांवर नाही ऐकत कुणी, समेवर ऐकतात. केरवा असेल किंवा भजनी ठेका असेल, आठ मात्रांचं आवर्तन, आणि ऐकणाऱ्याची मान हलते ती पहिल्या मात्रेवर. प्रत्येक मात्रेवर वाजवायला टाळकरी आहेत, एडिटरने पण तेच केलं तर त्याला कोण विचारणार. त्यामुळे आधी गाणं डोळे मिटून ऐक आणि जिथे मान हलेल तिथेच मार्कर टाक. मग त्यातले पण निम्मे सोडून दे. दोन आवर्तनं एकच शॉट ठेवलास आणि मग ढोलकीच्या तोड्यावर धडाधड पाच-सहा कट मारलेस तर ते लागतात, कारण आधी तू थांबली होतीस.

आणि जिथे कुणी गातंय तिथे बीट विसर, तोंड बघ. गाणारी शब्द उच्चारायच्या आधी श्वास घेते, ओठ उघडतात, हनुवटी किंचित वर जाते. कट त्या श्वासाच्या आधी घे, शब्द सुरू व्हायच्या चार-पाच फ्रेम आधी, मग शब्द तिच्या तोंडून निघाला असं वाटतं. शब्दाच्या मधोमध कट घेतलास तर वरून डबिंग चिकटवल्यासारखं दिसतं. लिप सिंक तपासायचा असेल तर शाळेत शिकवलेले ओष्ठ्य वर्ण आठव, प फ ब भ म, ओठ मिटल्याशिवाय हे म्हणताच येत नाहीत. "पाऊस" मधल्या प ला ओठ मिटलेले दिसले तर सिंक बरोबर, उघडे दिसले तर एखाद-दोन फ्रेम सरकव. बाकी अक्षरांवर वेळ घालवू नकोस.

मी स्वतः समेच्या एक-दोन फ्रेम आधी कट मारते, बरोब्बर त्याच फ्रेमवर मारला की मला उशीर झाल्यासारखा वाटतो. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला हे अजिबात पटायचं नाही, आमचं वीस वर्षं यावरून वाजतंय.

प्रश्न: गाण्याच्या सुरुवातीला ओठ जुळतात, शेवटाकडे पुढेमागे होतात. अँड्रॉइडवर शूट केलंय, पूर्ण गाण्याचा एकच टेक आहे. आणि स्लो मोशनमध्ये पण ओठ गाण्याशी जुळलेले दाखवतात ते कसं करतात?
दोन प्रश्न एका तिकिटात, रत्नागिरी

उत्तर: मोबाईल प्रामाणिकपणे सेकंदाला ३० फ्रेम घेतोय असं आपल्याला वाटतं, पण उजेड कमी झाला की तो स्वतःच्या मनाने २८, २६ असं खाली-वर करतो. मोबाईलवर बघताना कळत नाही, एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला ठरलेला आकडा लागतो म्हणून तिथे घसरत जातं. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर घे, त्यात कॉन्स्टंट फ्रेम रेट निवडून क्लिप नव्याने काढ, बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. आणि एडिट आधीच करून बसला असाल तर प्रत्येक ओळीला टेक कापून एक-दोन फ्रेम सरकवा, तसंही शॉट तीन-चार सेकंदांचा असला तर तेवढ्यात तो किती घसरणार. पुढच्या वेळी फ्रेम रेट बांधून ठेवणारं ॲप वापरा, ब्लॅकमॅजिक कॅमेरा फुकट आहे आणि अँड्रॉइडवर पण आलंय, तुमच्या मॉडेलवर चालतं का ते तेवढं बघा.

रत्नागिरीचे आहात म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर लांबचे शॉट घेतले असणारच, त्यात एक वेगळीच गंमत होते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्पीकर गाणाऱ्याच्या पायाशी आणि कॅमेरा ३५ मीटरवर असेल तर कॅमेऱ्याला गाणं एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येतं, म्हणजे २५ च्या हिशेबाने अडीच फ्रेम. तुम्ही कॅमेऱ्यातल्या आवाजावरून सिंक करता, तेव्हा ओठ तेवढे आधी हलतात. तो शॉट दोन-तीन फ्रेम पुढे ढकला, झालं.

स्लो मोशनचं उत्तर सोपं आहे पण शूटच्या आधी विचारायला हवं होतं. सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, गाणाऱ्याने त्या वेगाने म्हणायचं, कॅमेरा ५० फ्रेमवर. मग ते २५ वर चालवलं की हालचाल निम्म्या वेगाची आणि ओठ मूळ गाण्याला बरोबर. सेटवर त्या चिपमंकसारख्या आवाजाला सगळे हसतात, तो हसण्याचा टेक पण ठेवा, शेवटच्या टायटलमागे कामाला येतो.

प्रश्न: चौघांत मी एकटीने एडिट केलं. रात्री जागले मी, बाकीचे "छान झालंय गं" म्हणायला आले. आता मार्क सगळ्यांना सारखे. सरांना सांगू का? सांगितलं तर मी चहाडखोर, नाही सांगितलं तर मूर्ख.
वैतागलेली, नाशिक

उत्तर: राग बरोबर आहे, तो आधी येऊ दे.

मलाही हे झालंय. पहिल्या-पहिल्या कामात मी तीन आठवडे एक माहितीपट कापला आणि टायटलला माझं नाव "सहाय्य" मध्ये, चहावाल्याच्या वर, तो चहा मात्र खरंच चांगला द्यायचा. तेव्हा मी गप्प बसले. आज बसले नसते, पण भांडलेही नसते.

तू सरांकडे तक्रार नेऊ नकोस, कागद ने. कुठल्या दिवशी कुणी काय केलं याची साधी यादी, तारखेसकट, आणि ती आधी ग्रुपवर टाक, "मी ही प्रोजेक्ट रिपोर्टला जोडतेय, काही राहिलं असेल तर सांगा". ज्याने काही केलंय तो लगेच सांगेल, ज्याने नाही केलं तो गप्प बसेल, आणि तू कुणाबद्दल एक अक्षर वाईट बोललेली नसशील. टायटलमध्ये पण "एडिटिंग: अमुक, तमुक, अमुक, तमुक" असं चार नावांचं गाठोडं बांधू नकोस, ज्याने जे केलं त्याच्यापुढे तेच. कुणी फक्त डबा आणला असेल तर "जेवण" लिही. सिनेमात लिहितात की.

आता जरा टोचेल असं. तुझ्या मेलमध्ये तू लिहिलंयस की एकाने पहिल्या दिवशी सिंक करून दिलं होतं आणि तू ते "धड नव्हतं म्हणून परत केलं". त्याला सांगितलंस का काय चुकलं होतं? बऱ्याच वेळा चांगल्या एडिटरच्या हातून माउस सुटत नाही आणि मग बाकीचे आपोआप प्रेक्षक होतात. सगळा दोष तुझा आहे असं मी म्हणत नाहीये, आळशी ते आळशीच. पण त्या एका मुलाचं नाव यादीत नीट लिही.

प्रश्न: माझी मुलगी मास कॉमला आहे. एडिटिंगसाठी महाग लॅपटॉप हवाच म्हणते, घरचा अडकतो म्हणे. खरंच गरज आहे का?
एक वडील, सांगली

उत्तर: नमस्कार. मुलगी खोटं बोलत नाहीये, पण तुम्ही लगेच दुकानात जाऊ नका. मोबाईलवर फोर-केमध्ये शूट केलेला व्हिडिओ फार दाबून बसवलेला असतो, आयफोनचा ३० फ्रेमवाला एक मिनिट साधारण १७० एमबीत मावतो. हे जमतं कारण प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेलंच नसतं, आधीच्या चित्रात काय बदललं तेवढंच लिहिलेलं असतं. एडिट करताना मागेपुढे जावं लागतं तेव्हा लॅपटॉपला ती चित्रं दर वेळी पुन्हा मांडावी लागतात आणि तिथे तो दमतो.

यावर उपाय म्हणजे प्रॉक्सी. प्रत्येक क्लिपची हलकी ७२० पी कॉपी करायची, कट त्याच्यावर मारायचे आणि शेवटी एक्स्पोर्ट करताना मूळ फाइल जोडायची. हे काम रात्री लावून झोपायचं. डाविंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीतही होतं. तिला म्हणावं आधी हे करून बघ. त्यानंतरही अडत असेल तर रॅम १६ जीबी करता येते का बघा आणि बाहेरची एक एसएसडी घ्या, नवीन लॅपटॉपपेक्षा कितीतरी स्वस्तात पडेल. तिसऱ्या वर्षाला जाऊन तिचं मन यातच रमलेलं असेल तेव्हा मात्र हात आखडता घेऊ नका.

प्रश्न: आम्ही एक जुनं भावगीत घेऊन व्हिडिओ केला, यूट्यूबवर टाकल्या टाकल्या कॉपीराइटचा क्लेम आला. प्रोजेक्ट आहे, पैसे कमवायचे नाहीत, तरी?
घाबरलेला ग्रुप, ठाणे

उत्तर: तरी. मी वकील नाही, पण इतकी वर्षं या धंद्यात काढल्यावर एवढं कळतं. गाणं एक दिसतं, हक्क तीन असतात, शब्दांचा, चालीचा आणि त्या रेकॉर्डिंगचा, आणि तिन्हींचे मालक वेगळे असू शकतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शिकण्या-शिकवण्यासाठी कलम ५२ मध्ये थोडी सवलत आहे, पण ती वर्गापुरती. यूट्यूब म्हणजे वर्ग नाही. क्लेम म्हणजे स्ट्राइक नव्हे, त्यामुळे घाबरू नका, बहुतेक वेळा जाहिरातीचे पैसे मालकाला जातात किंवा व्हिडिओ बंद होतो. स्ट्राइक मात्र वेगळा, ती यूट्यूबची ताकीद, ९० दिवसांत तीन आले तर चॅनेल जातं. तुम्ही तो व्हिडिओ प्रायव्हेट करा आणि कॉलेजला फाइल द्या.

पुढच्या वेळी शब्द असे घ्या ज्यांची मुदत संपलीय. कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. तुकोबांचा प्रश्नच नाही. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या, ओव्यांचं पुस्तक १९५२ मध्ये आलं, आणि मृत्यूनंतर छापलेल्या मजकुराची ६० वर्षं छापल्यापासून मोजतात, म्हणजे २०१३ पासून त्या पुस्तकातल्या ओव्या मोकळ्या. पण शब्दच मोकळे हं, कुणी नंतर लावलेली चाल किंवा केलेली रेकॉर्ड मोकळी नाही. वर्गात एक तरी पेटी वाजवणारा असतो, त्याच्याकडून नवीन चाल करून घ्या आणि त्याच्याकडूनही चार ओळींची परवानगी लिहून घ्या. मित्र आहे म्हणून राहू देऊ नका, मित्रच नंतर बँड काढतात.

प्रश्न: वर्गात शूट केलं, ट्यूबलाइटमुळे चित्रावर पट्ट्या फिरतायत. काढता येतील?
पट्टेवाला, सोलापूर

उत्तर: आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा मिचमिचतो. शटर सेकंदाच्या १/५० किंवा १/१०० ठेवलं असतं तर दिसलं नसतं, मोबाईलने १/६० घेतलं असणार. रिझॉल्व्हच्या पैसेवाल्या आवृत्तीत डीफ्लिकर नावाचा मिचमिच काढणारा इफेक्ट आहे. नाहीतर तीच क्लिप वरच्या ट्रॅकवर ठेव, एक फ्रेम सरकव, ओपॅसिटी ५० टक्के, म्हणजे वरची क्लिप अर्धी पारदर्शक. पट्ट्या कमी होतात, हलणाऱ्या हातापायांना जरा भूत लागल्यासारखं दिसतं. गाणं दुःखी असेल तर खपून जाईल.

प्रश्न: टायटलमध्ये मराठी लिहिलं की वेलांट्या उडतात आणि जोडाक्षरं फुटतात. शेवटी इंग्रजीतच टाकू का?
टायटलवाली, पुणे

उत्तर: अजिबात नाही. प्रीमियरमध्ये प्रेफरन्सेसला ग्राफिक्समध्ये जा, तिथे टेक्स्ट इंजिन साउथ एशियनवालं निवड, आणि नवीन टेक्स्ट लेयर करून परत लिही, जुना सुधारत नाही कधी कधी. फॉन्ट युनिकोडच हवा. डीटीपीवाल्या काकांकडून आणलेला जुना फॉन्ट त्यांच्या मशीनवरच बरा, तुझ्याकडे नुसती चित्रविचित्र चिन्हं येतील. मुक्ता, बलू हे फुकट मिळतात, चांगले जाड आहेत, हलत्या चित्रावर वाचता येतात. पण ल आणि श नीट बघ, बऱ्याच फॉन्टमध्ये ते हिंदी वळणाचे येतात, आपल्या पाकळीवाल्या ल ची सवय असलेल्याला ते लगेच खटकतं. टिरो देवनागरी मराठी नावाचा फॉन्ट खास मराठी वळणाचा आहे, बारीक आहे म्हणून मोठा ठेव.

आणि एक्स्पोर्टच्या आधी ग्रुपबाहेरच्या कुणाला तरी सगळी टायटलं मोठ्याने वाचायला लाव, आईला लाव, शेजारच्या काकूंना लाव. मागच्या वर्षी मी एका कॉलेजात परीक्षक होते तिथे चांगला झालेला व्हिडिओ संपला आणि शेवटी भल्या मोठ्या अक्षरांत पाटी आली, "मागर्दर्शक", आणि खाली सरांचं नाव. सर पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी बसले होते.